एक पायली राता

मी तोलार.
वाशीच्या दाणाबाजारात सकाळी सहापासून
दुसऱ्यांची पोती तोलतो.
काटा खोटं बोलत नाही,
पण सगळंच सांगतो असंही नाही.

मागल्या दिवाळीनंतर पोती आली
फुगीर, गळ्यापर्यंत शिवलेली
आणि काट्यावर हलकी.
मूठभर काढून फुंकर मारली,
अर्धं पळंज उडालं,
माथाड्याच्या घामेजल्या पाठीला चिकटलं.
दाणा भरायच्या दिवसांत रात्री थंडच झाल्या नाहीत,
व्यापारी म्हणाला,
आणि भाव वाढवून लिहिला.

मला नवं नव्हतं ते.
आगासनला खाडीलगत आमचं खाजण.
तिथे राता पिकायचा. लाल, जाड,
मिठाला न भिणारा,
पेजेला तांबूस रंग देणारा.
बापाच्या वेळी उधाणाचं पाणी
बांधाच्या छातीला लागायचं.
आता पुनवेला ते वरून आत डोकावतं
आणि उघाडीची फळी लावली असली तरी
आश्विनात, भात पोटरीत असताना,
वरून गोडं, खाडीतून खारं,
एकाच रात्रीत.
तीन वर्षांत दोनदा.
राता मिठाला भीत नाही खरा,
पण मिठालाही काही माप असतं ना.

गोमीबाय, माझी आई,
बांधावर उभी राहून शिव्या देते:
चंद्राला, पुलाच्या भरावाला,
मेलेल्या बापालाही, बांध बुटका घातला म्हणून.
मग घरी येऊन रेशनचा तांदूळ निवडते.
"यो कोनाचे शेतानचा?"
रोज विचारते.
मी दिवसाला दोनशे पोती तोलतो
आणि मला सांगता येत नाही.

बियाणं तेवढं राखलं होतं तिने,
मडक्यात, निंबाचा पाला घालून,
तिच्या सासूने राखलं तसंच.
पण पत्र्याखालचं घर एप्रिलात असं तापलं
की रात्रीसुद्धा मडक्याला हात लावला तर
ताप आलेल्या पोराचं कपाळ.
ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळले.
एकतीस उगवले.
तिने परत मोजले.
एकतीस.

"तुमचे मार्केटान थंड खोल्या हान ना,
परदेशी सफरचंदांना झोपवतान त्या?
त्यान ठेवशील क,
माजा येक पायली बियाना?"

तिने नणंदेच्या मडक्यातला राता मागून आणला,
वाकलणहून, रिक्षाने, मांडीवर घेऊन.
तुर्भ्याच्या शीतगृहाचा हणमंत यमगर
रजिस्टर उघडून बसला होता.
माल कुठला लिहू?
भात, मी म्हणालो.
भाताला रकाना नाही, तो म्हणाला.
जरा वेळ पेन चावलं
आणि लिहिलं: सफरचंद, नग एक.
भाडं घेतलं नाही.
त्याच्या आटपाडीकडची बाजरी
गेल्या साली कणसातच उगवली होती, एवढंच बोलला.

दोन महिने संध्याकाळी एकच प्रश्न:
"पाह्यलास क?"
पाहिलं, मी सांगायचो.
चार अंशांवर, मेणकापडात,
इराणच्या पेट्यांमागे.
ती पदराने वारा घेत ऐकायची.

ज्येष्ठात काढलं.
शंभरांतले शहात्तर.
मला वाटलं होतं हसेल.
ती उठून दारात गेली,
खाडीकडे बघत राहिली भरती चढेस्तोवर.
"बी ऱ्हायला. आथा जमीन कया ठेवशील?"

मी काहीच बोललो नाही.
मग तिनेच सांगितलं,
कोळणींकडून थर्माकोलचे खोके आण,
भोकं पाडलेले.
तेरा खोके आणले.
तिने माती भरली, उंचावरची, शाळेमागची,
आणि पुतण्याच्या चाळीच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
राब पेरला.

खोक्यांना अजून बोंबलाचा वास येतो.
खाली खाजणात पाणी आहे.
उतरलं, तर लावू.