वर वारा असतो

काहीच घडलं नव्हतं, हे आधी सांगते.
एकतीस वर्षं ग्दिनियाच्या बंदरात
ल्युदोमिरने क्रेन चालवली,
एकही पेटी कुणाच्या डोक्यावर पडली नाही.
निवृत्तीला घड्याळ मिळालं, केक मिळाला,
केकवर साखरेची क्रेन होती, ती नातवाने खाल्ली.

मग एका मंगळवारी, दुकानात,
खारवलेल्या काकड्यांच्या बरण्यांसमोर
त्याने माझी बाही धरली
आणि म्हणाला, बोगुशा, जमीन खाली चाललीय.

हृदय ठणठणीत, डॉक्टर म्हणाले.
आलेखाची ती लांब पट्टी मी घडी घालून ठेवली,
इतकं वळणदार अक्षर त्याचं कधीच नव्हतं.
दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं होतं कागदावर.
तो कागद ल्युदोमिरने त्या खणात टाकला
जिथे कुलुपं हरवलेल्या किल्ल्या असतात.

रात्री तीनला यायचं ते.
पलंगाच्या काठावर ताठ बसलेला हा,
दोन्ही मुठी हवेत, जणू दांडे धरलेत,
आणि छातीत काहीतरी टनावारी लटकतंय, झोके घेतंय.
मी म्हणायचे, शांत हो.
जगात आजवर कुणी शांत झालंय का
'शांत हो' म्हटल्यावर?
मी म्हणायचे, दूध तापवू? खिडकी उघडू? लेकीला फोन लावू?
आणि एकदा, तेही कबूल करते,
झोपू दे रे मेल्या, असंही म्हणाले.

वित भेटला मासळीबाजारात, हेरिंगच्या रांगेत.
बावीस वर्षं हा खाली उभा राहून
माझ्या नवऱ्याला हातांनी खुणा करायचा.
त्याला मी सगळं सांगून टाकलं. का, ते ठाऊक नाही,
सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं.
तो म्हणाला, "बोलताय कशाला बाई?
वर बसलेल्याला ऐकू येत नाही. वर वारा असतो.
हात दिसले पाहिजेत."
आणि माशांची पिशवी दोन पायांत धरून
भर बाजारात शिकवलं त्याने:
हात खाली, बोट जमिनीकडे, वर्तुळ काढायचं. म्हणजे उतरव.
वर्तुळ जितकं लहान, तितकं हळू.
दोन्ही पंजे पोटाशी गुंफले की थांब,
आहे तिथेच धरून ठेव.
"आणि घाई करू नका. घाई वरून दिसते."

त्या रात्री दारात उभी राहिले,
फ्लॅनेलचा झगा, केस पिंजारलेले,
पंजे पोटाशी गुंफले.
त्याने पाहिलं.
मुठी थांबल्या.
(सवय माणसापेक्षा आज्ञाधारक असते.)
मग बोट खाली केलं. लहान वर्तुळ. अजून लहान.
किती वेळ, देव जाणे. मनगटाला कळ लागली.
शेवटी टेकलं काहीतरी. आवाज झाला नाही,
फक्त पलंगाची स्प्रिंग कुरकुरली आणि हा म्हणाला,
"वित माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो का गं आता?"

दरवेळी जमतं असं नाही.
कधीकधी वाराच फार असतो.
वसंतात त्याने खण उघडला, किल्ल्या उपसल्या, कागद काढला.
आता दर गुरुवारी जातो त्या बाईंकडे,
इस्त्रीचा शर्ट घालून.
काय बोलतात ते मी विचारत नाही.

परवा एल्ब्लाँगहून फोन आला. बहीण गेली.
फोन ठेवला आणि मी बटाटे सोलत राहिले,
एकामागून एक, दहा माणसं जेवतील इतके.
तो दारात आला. बोलला नाही.
हात उचलला, अडखळला.
आयुष्यभर त्याने खुणा वाचल्या होत्या,
केली एकही नव्हती.
उजव्याऐवजी डावा हात, वर्तुळ उलट्या दिशेने,
चाळीस मीटरवरून त्याला जसं दिसायचं
अगदी तसं.

मी सुरी खाली ठेवली.

बटाटे तीन दिवस पुरले.