मीटरखालचं भोक

मीटरच्या पेटीखाली एक भोक आहे.
मोटारीची वायर तिथून आत जायची, माग होते तेव्हा.
माग गेले भंगारात, किलोच्या भावानं.
वायर मीच ओढून काढली,
भोक बुजवायचं राहिलं.

आता त्यातून माश्या ये-जा करतात,
पाळी सुटावी, पाळी भरावी तशा.

आधी कळलं ते दळणाच्या डब्याला.
भिंतीला टेकवला तर झाकण आपलं आपण थरथरलं.
मी कान लावला.
आत कुणीतरी मिटल्या तोंडानं
काहीतरी पाठ करत होतं.

शेजारच्या नरसव्वा म्हणाल्या, रॉकेल ओत, काडी लाव.
फवारणीवाला म्हणाला, दीड हजार,
पावडर मारतो, दोन दिवसांत गप्प.
आणि आतल्या?
आतल्या आतच.
अग्निशामकला फोन केला. तिथला माणूस समजूतदार होता:
ताई, आग लागली की करा.

मग धाकट्याला डोळ्याखाली डसली एक,
तव्यावरच्या भाकरीसारखा गाल टम्म,
आणि ठरलंच, की यांना हलवायचं.

नायनांना विचारलं नाही.
त्यांना ऐकू येत नाही, बत्तीस वर्षं खटाखट,
कानात कापूससुद्धा न घालता;
फटाक्यांची माळ शेजारी फुटली तरी
ते नुसते धुराकडे बघतात.
पण एका दुपारी, पत्रा तडतडत होता,
ते त्या भिंतीला पाठ लावून बसलेले दिसले.
सदरा काढून, उघडी पाठ.
काय, मी हातानं विचारलं.
म्हणाले, बहिरा माणूस बोलतो तसं, अख्ख्या गल्लीला:
‘चालू आहे गं. रात्रपाळी धरून चालू आहे.’

रविवारी मंद्रूपहून मळसिद्ध आला,
गाडीला मागे लाकडी पेटी बांधून.
हातमोजे नाहीत, तोंडाला जाळी नाही, गोवरीचा थोडा धूर.
भोकाशी नाक नेऊन म्हणाला,
सातेरी आहे. गरीब असते.
आग्या असती तर मी आलोच नसतो.

छिन्नीनं सहा विटा काढल्या.
आत सात पोळी, शेजारी शेजारी,
मधे बरोबर माशीला वळता येईल एवढी वाट.
मापाला पट्टी नाही, ओरडायला मुकादम नाही.
त्यानं एकेक पोळं सुरीनं सोडवलं,
चौकटीत बसवलं, आणि खिसे चाचपले.
दोरा विसरला होता.

मी माळ्यावरून कांडी काढून दिली.
शेवटच्या चादरीचं उरलेलं सूत, लाल.
त्या सुतानं त्यानं त्यांचं घर बांधलं,
गाठ मारताना माश्या बोटांवरून चालत होत्या,
तो त्यांच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलत होता.
राणी ओंजळीतून पेटीत गेली,
जरा लांबट, काळपट, रागावलेली नाही.
मग अंधार पडेपर्यंत आम्ही वाट बघत बसलो,
बाकीच्या तिच्यामागे कधी जातात याची.

एक वाटी मध देऊन गेला. पैसे चारशे घेतले.
मध कडवट निघाला. कडुलिंबाचा, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, भिंत लिंपली.
चुकलेल्या काही माश्या ओल्या सिमेंटभोवती
तीन दिवस घिरट्या घालत होत्या,
मग त्याही दिसेनात.

दुपारी नायना पाठ टेकून बसले.
थोड्या वेळानं उठले, सदरा घातला.
‘बंद पडला?’
मी दोन बोटांचे पंख केले,
रस्त्याच्या टोकाकडे, लांब, हात दाखवला.
‘भिवंडी?’
मी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

महिन्याभरानं मळसिद्धचा फोन आला.
ताई, तुमचं सूत कुरतडून
पेटीच्या दाराबाहेर टाकलंय सगळं.
मी म्हटलं, मग?
मग काही नाही, तो म्हणाला,
बसल्या.