भोक पाडलेलं पदक

टायटसव्हिल, फ्लोरिडा. शनिवार, सकाळचे सात.
गॅरेज सेलला उशिरा जाणाऱ्याला फक्त टोस्टर मिळतात,
एवढं मी एकोणीस वर्षांत शिकलोय.

व्हर्ना प्रुइटबाईंनी घडीच्या टेबलावर मांडलं होतं सगळं:
नवऱ्याचे पाने, पकडी, स्क्रूंनी भरलेले कॉफीचे डबे,
गळांची पेटी,
आणि एका मोज्यात, हो, मोज्यात,
दहा पदकं.

मी हातमोजे घातले. त्या हसल्या.

मी हुपरीचा. आमच्या गल्लीत पोरांना
पाढ्यांच्या आधी टंच कळतो म्हणत.
बाबा घुंगरांना डाग द्यायचे, फुंकणीनं, गाल फुगवून.
पैंजण इंदूरला जात, मदुराईला जात,
कुठल्या पायांत, ते कधीच कळलं नाही.
मी इथं येऊन दातांच्या लॅबमध्ये लागलो,
अनोळखी माणसांच्या दाढांना टोप्या ओतल्या.
आपलं काम दुसऱ्याच्या तोंडी.

घरी एकशे बारा पदकं आहेत.
प्रत्येकाला हवाबंद डबी, निळ्या मखमलीत खाच.
वर जाऊन आलेली वेगळी, न गेलेली वेगळी.
जाऊन आलेल्यांचा भाव विचारू नका.
बायकोनं एकदा विचारला,
मग दोन दिवस बोलली नाही.
वजन तेच, कस तोच, ठसा तोच,
फक्त एकाजवळ कागद आहे की ते जाऊन आलं.
कागद हरवला
की तेही न गेलेलं.

‘एक कामगारांना वाटलेलंही होतं ना?’ मी सहज विचारल्यासारखं विचारलं.
‘कांस्याचं. परतलेल्या यानाचा धातू चिमूटभर घालून ओतलेलं?’
(सहज कसलं. सहा वर्षं शोधत होतो.)

बाईंनी शीळ घातली.
संत्र्याच्या झाडाखालून एक म्हातारा कुत्रा उठला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गळ्यात पट्टा,
पट्ट्याला ते.
ड्रिलनं भोक पाडलेलं,
नेमकं चंद्राच्या कपाळात.

‘लेलंडनं पाडलं,’ त्या म्हणाल्या. ‘पदक टपालानं आलं
आणि त्याच आठवड्यात कामावरून काढल्याचं पत्र.
अख्खा रस्ता रिकामा झाला तेव्हा.
समोरचे तर किल्ली दारालाच ठेवून गेले.
तो नळ्यांचे सांधे जोडायचा. पुढं एसी दुरुस्त केले, तीस वर्षं.
माझा एकही सांधा गळला नाही, म्हणायचा,
जेवताना, मध्येच,
कुणी विचारलेलं नसताना.
हा पाचवा कुत्रा. पट्टे बदलले, पदक तेच.’

जाणकार सांगतील: भोक पडलं की मोल संपलं.
हुपरीत भोकाशिवाय घुंगरू ओवणार कसा?
मी किंमत बोललो, भोकासकट.
जरा जास्तच बोललो.

‘आणि मग,’ बाई म्हणाल्या,
‘हा अंधारात कुठं धडपडतोय ते मला कसं कळणार?
रात्री आवाज थांबला की मी उठून बघते.’

यावर काय घासाघीस करणार.
दहा घेतली. मोजा त्यांनी परत मागून घेतला.

गाडीत बसलो, काच खाली केली.
तो कुंपणाला नाक घासत चालला होता,
झाडाला वळसा, नळाला वळसा, पुन्हा कुंपण,
रोजची ठरलेली वाट, डोळ्यांविना पाठ झालेली.
पदक आणि परवान्याचा पत्र्याचा बिल्ला
एकमेकांवर आपटत होते.

बसका नाद. चांदीचा नव्हे.
बाबा असते तर हातातली फुंकणी खाली ठेवून
मान तिरकी करून म्हणाले असते,
भेसळ आहे.

आणि मग, थोड्या वेळानं:
पुन्हा वाजव.