सात वाव

कासविणीवर पाणी किती?
सात वाव. माझ्या प्रबंधात पान एकशेबारा, टीप चौतीस.
टीपेत एका जुन्या निबंधाचं नाव,
निबंधाच्या शेवटी, बारीक अक्षरांत,
मुक्त ज्ञानकोशातलं एक पान,
आणि त्या पानावर आधार म्हणून
तोच निबंध.

दोन रात्री मी त्या खुंटाभोवती फिरले.
घाणा फिरला, तेलाचा थेंब नाही.

लघाटे सर म्हणाले, "म्हणून सांगत होतो,
येणाऱ्याजाणाऱ्यांनी रंगवलेल्या भिंतीवरून
पत्ता घेऊ नये."
सरांचं बरोबर होतं.
फक्त तो निबंध सरांचाच होता,
हे त्यांना त्या क्षणी आठवत नव्हतं,
आणि माझी तोंडी परीक्षा चैत्रात होती.

पानाचा इतिहास उघडला.
कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे असतं;
आमच्या विभागातल्या कुठल्याच कपाटात
इतका प्रामाणिक कागद मी पाहिलेला नाही.
पहिलं वाक्य अकरा वर्षांपूर्वीचं. नाव: खारेपाणी७.
पहाटे पावणेचार, दुसऱ्या दिवशी साडेचार, मग सव्वापाच.
पंचांग काढलं. पंचमी, षष्ठी, सप्तमी.
तिथीची पाऊणपट, म्हणजे भरती.
हा माणूस घड्याळावर नाही,
पाण्यावर जागा होता.

साखरी नाट्याच्या जेटीवर, बर्फाच्या गाडीमागे
तो जाळं शिवत बसलेला सापडला.
जैनुद्दीन सोलकर. काच तडकलेला मोबाईल.
मी सात वाव म्हटलं आणि तो हसत सुटला.

"ती चूक माझीच. अठरा वर्षांचा होतो.
चाचा बोलला सात हात, मी लिवलं वाव.
वाव जरा भारी वाटलं.
पुढच्या साली सुधारलं, कोणीतरी परत फिरवलं.
परत सुधारलं, परत फिरवलं.
तिसऱ्यांदा खाली लिवून आलं,
तज्ज्ञांनी सात वाव म्हटलंय, तुमचा संदर्भ द्या.
मी बोललो, तज्ज्ञ बोलतात तर असंल.
होडी मात्र मी बाजूनंच नेतो."

चार हातांचा एक वाव.
सात वावांखाली खडक असेल तर गलबत झोपेत निघून जातं.
सात हातांखाली असेल तर
सकाळी फळ्या किनाऱ्याला लागतात.
हे टीप चौतीसमध्ये बसत नाही.

अष्टमीला, भांगाच्या पाण्यात,
मध्यरात्री सुकती सरताना आम्ही गेलो.
शिसं बांधलेली दोरी, हातागणिक गाठ.
त्याने सोडली, शिसं टेकलं, त्याने बोट धरून ठेवलं.
मी गाठी मोजल्या.
साडेआठ.

सातही नाही.
"चाचाचा हात लांब होता," जैनू म्हणाला.
मग थोड्या वेळाने, इंजिन सुरू करता करता,
"नायतर पाणी आज जास्ती असंल."

प्रबंधात मी लिहिलं: तिथी, वेळ, साडेआठ हात,
हाताची लांबी इंचांत,
दोरी धरणारा: जैनुद्दीन सोलकर.
सरांनी त्या नावाभोवती लाल गोल काढला.
समासात: हा संदर्भ कसा?
मी गोल तसाच ठेवला, नावही.

आता प्रबंध छापला जाईल.
जैनू पहाटे कधीतरी पान उघडील,
आकडा बदलील, खाली माझं नाव टाकील,
आणि या वेळी कोणी परत फिरवणार नाही.

त्याचीच धास्ती वाटते.
होडी हलत होती. गाठी ओल्या होत्या.
टॉर्च माझ्या हातात होता
आणि तो हात काही स्थिर नव्हता.