तीन दहा

फेब्रुवारीत, रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला होता.
तिकडे कऱ्हाडला साडेआठ होऊन गेलेले,
अण्णांच्या चहावर साय धरली असेल.
इथे डंडीत नदीवर धुकं,
आणि माझ्या उशीखाली
काचेचा एक लहानसा प्राणी थरथरत होता.

त्यानंतर फोन मोज्यांच्या कप्प्यात ठेवला,
मग कणकेच्या डब्यात,
मग आवाज बंद करून, पालथा, तीन टॉवेलांखाली.
तरी वाजायचा.
बसच्या दारात, सीगलच्या घशात,
शेजारच्या मायक्रोवेव्हमध्ये.

इशबेलच्या खोलीत एक कुंडी, एक कागदी रुमालांचा डबा.
ती म्हणाली, भीतीला आकडा दे. शंभरापैकी.
मी म्हटलं, पंच्याण्णव.
पाच राखून ठेवले. आईसाठी.

मग तिने तीच घंटा लावली.
चाळीस मिनिटं तीच.
मी खुर्चीचा हात धरला. म्हणाली, सोड.
मी ओठांत रामरक्षा धरली. तिला कसं कळलं कोण जाणे,
म्हणाली, तेही सोड. ती कुबडी आहे तुझी.
रागच आला. जन्मात कुणी मला
राम म्हणू नकोस असं सांगितलं नव्हतं.
सोडलं.
विसाव्या मिनिटाला घाम, तिसाव्याला रडू,
अडतिसाव्याला चक्क जांभई.
इशबेलने जांभई वहीत लिहून घेतली.

रात्रींसाठी वरच्या मजल्यावरचा फर्गस मिळाला,
हॉस्पिटलात रात्रपाळीला स्ट्रेचर ढकलणारा.
ओशाळत विचारलं: आठवड्यातून दोनदा,
कधी ते न सांगता, तीन दहाला फोन करशील?
बोलू काय, म्हणाला.
काहीही. फक्त सगळं ठीक आहे
असं सांगायचं नाही. ते चालत नाही.

मग तो सांगायचा,
लिफ्ट अडकली आहे.
चहाच्या यंत्राने आज सूप दिलं.
नदीवर धुकं आहे, तुला दिसतंय का?
मी उठून पडदा सारायचे.
दिसायचं.

पंच्याऐंशी. सत्तर. पुन्हा नव्वद,
कारण त्या दिवशी कऱ्हाडहून पार्सल आलं होतं
आणि पत्ता आईच्या अक्षरात नव्हता.
पंचावन्न.
एका मंगळवारी वाजलाच नाही,
तर मी जागी, रुसल्यासारखी.

मेअखेरीस, आभाळ तीनलाच फटफटू लागलं तेव्हा,
वाजला.
फर्गस नव्हे. घर.
पंच्याण्णवच्या वर काय असतं ते तेव्हा कळलं.
हात खुर्ची शोधू लागला,
ओठ राम.
तिसऱ्या घंटेला उचलला.

"जागी आहेस होय? मला वाटलं तिथे उजाडलं असेल.
अगं, अण्णांच्या कोटात एक किल्ली सापडली.
कशाची असेल?"

मला ठाऊक नव्हतं.
आम्ही बराच वेळ कुलुपं आठवत बसलो,
ट्रंकेचं, गच्चीच्या दाराचं, मीटरच्या पेटीचं.
हे नव्हे. ते नव्हे.
मध्येच आई हसली. मग नाक ओढलं.
मग दूध उतू गेलं म्हणून फोन ठेवला.

वहीत लिहिलं: साठ.
फोन उशाशी ठेवला, उताणा.
गुडघे अजून कापत होते; कापू दिले.

पडल्या पडल्या आठवलं,
सायकलची असेल.
ती हिरवी, जिचं कुलूप तेल घातल्याशिवाय फिरायचं नाही.
उजाडलं की मीच फोन लावीन.