तीन नंबरचा फीडर

आखाजीला ड्यूटी लागली, आठ ते आठ,
दोन पाळ्या एकत्र.
साहेब म्हणाले, तिघांची गावं लांब आहेत मॅडम,
तुम्ही काय, इथल्याच.

खरं आहे. माझं माहेर
इथल्या तीन नंबरच्या फीडरवर आहे.
बेटावदच्या रस्त्याने पांझरेकडे उतरते ती लाईन,
शेवटून तिसरी डीपी आमच्या गल्लीची.

पारा चव्वेचाळीस. यार्डातल्या खडीवर
चपलेचा तळवा मऊ होतो.
दर तासाला रजिस्टर:
व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान.

नवाला काटा एकसष्टवर.
म्हणजे आता घागरी भरल्या जाताहेत,
वर डांगर, वर आंबा, पितरांना हाक.
दहाला चौऱ्याऐंशी. मिक्सर लागले.
आमच्याकडे नाही. आई रस हातानेच पिळते,
कोयी पोरांना देते चोखायला.
अकराला एकशे बारा:
लेकी आल्या. जावई आले.
वर्षभर बंद खोल्यांचे पंखे फिरायला लागले.
हर्षाली, सुरतेहून, दोन्ही पोरांना घेऊन,
त्या आकड्यात कुठेतरी आहे.

आकडा मी लिहिला. पेन जरा दाबूनच लिहिला.

बारा वाजून सात मिनिटांनी
धाड. ब्रेकर पडला.
तीन नंबर.

मग फोन. कुणाच्या शिव्या, कुणाची विनवणी,
एक म्हणाला, सणाच्या दिवशी झोपल्या का हो बाई?
मग आई. लाईटबद्दल एक शब्द नाही.
"तुना वाटाना दोन मांडा ठेयेल शेतस," म्हणाली,
"खापरले लाईट थोडीच लागस."
मागे पोरांचा कालवा,
कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घालत होतं,
फट फट फट, तेही ऐकू येत होतं.

सुकलाल वायरमन पत्त्यांच्या डावातून उठून गेला.
हातात जिंकायची पानं होती
हे त्याने मला दोनदा सांगितलं.
पस्तीस मिनिटांनी त्याचा फोन:
"निंबाला झोका बांधलाय मॅडम,
पोरी उंच गेल्या की फांदी लाईनला टेकते."

पोरी?

"सगळ्या खाली आहेत. हसताहेत."

मी खुर्चीवर बसले. उभी होते
हे तेव्हा कळलं.

"टोकाची फांदी तोडली.
झोका पलीकडच्या बाजूला बांधून दिला, लय मागे लागल्या.
घ्या लाईन."

घेतली. काटा थरथरला, उठला,
एकशे बारा ओलांडून गेला,
एकशे एकवीसवर थांबला.
नऊ अँपिअर जास्त.
आणखी कुणी आलं असेल जेवायला.

आभार मानायची मला सवय नाही.
आमच्याकडे मानत नाहीत,
ताट वाढतात.
आता सुकलालला ताट कुठून वाढू,
त्या फांदीला कुठून,
जी तारेला टेकली आणि तेवढ्यावरच थांबली?

दुपारी शेजारच्या मळ्यातले दगाभाऊ आले.
अर्धं डांगर टेबलावर ठेवलं,
चाकू धोतराला पुसला, तोही ठेवला.
"घरच्या घागरीवरचं आहे," एवढंच बोलले,
आणि उन्हात परत गेले.
मी एका हाताने खाल्लं.
दुसऱ्या हाताने दोनचं रीडिंग.

रजिस्टरात शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात लिहिलं: फांदी. झोका. सुरळीत.
साहेब विचारतील, झोका कशाला लिहिला.

विचारू देत.
पानावर डांगराचा एक थेंबही पडलाय,
तोही मी पुसलेला नाही.