कुठपर्यंत

डॉक्टर फेनविक इंग्रजीत विचारतात
आणि इदवाल प्रिदर्च सगळ्यालाच येस म्हणतात.
खिडकी लावू का, येस.
दुखतंय का, येस.
डावं पाऊल काढावं लागेल, समजलं ना,
येस डॉक्टर, थँक यू डॉक्टर.
पेन पुढे येतं.
मी मध्येच चहाचा कप ठेवते.

हा होकार नाही, मी म्हणते.
ही खाणीतल्या पोराची टोपी आहे,
साहेब दिसला की आपोआप डोक्यावरून उतरणारी.

डॉक्टर घड्याळ बघतात. माणूस वाईट नाही,
थिएटरची यादी पाठीशी लागलेली असते.
"मग कधी?"
उद्या, दहाच्या सुमारास.
दुपारी चारनंतर ते छप्पन सालात असतात
आणि तिथे दोन्ही पावलं धड आहेत.

रात्री कानातल्या यंत्राची बॅटरी बदलली.
चष्मा शोधला, शेजारच्या बेडवरच्यांच्या नाकावर निघाला.
ऑस्ट्रेलियाहून मुलगी, मेइनिर, फोनवर म्हणाली
कुठे सही करू तेवढं सांगा.
म्हटलं, सही नको, ते कसे आहेत ते सांग.
बराच वेळ नुसती खरखर. मग:
दुखण्याला नाही भीत ते.
न विचारता हलवलं की भितात.

सकाळी चमचा त्यांच्याच हातात दिला.
पडदा ओढला आणि वेल्शमध्ये बोलायला लागले.
आमच्या भाषेची एक गोम आहे,
हिच्यात सरसकट चालणारा "हो" नाही.
येतोस का, तर येतो.
आहे का, तर आहे.
प्रश्न उचलून घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही,
नुसती मान डोलावून भागत नाही.

चादर बाजूला केली.
कोणी टेबलावर आणून ठेवावं तसं त्यांनी पाऊल पाहिलं.
"जांभळी स्लेट," म्हणाले. बोटानं ठोकलं.
"चांगली असली की वाजते. वाजली?"
नाही वाजली.
मग काहीच नाही. बाहेरून औषधांची ट्रॉली कुरकुरत गेली.
मला वाटलं, गेले, छप्पनात गेले.
तेवढ्यात:
"कुठपर्यंत?"

फेनविकनी सड संपते तिथे, घोट्यावर, बोट टेकवलं.
इदवालनी ते बोट धरून पोटरीवर नेलं.
"सड दिसते तिथे कापत नसतात. धड दगडात कापतात."
कागदावरची रेघ तिथेच होती.

नाही कापलं तर, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काहीही न लपवता.
आता तुम्ही मला सांगा, म्हटलं.
त्यांनी छप्पर सांगितलं, गळती सांगितली,
एका फुटक्या स्लेटीपायी कुजलेला वासा सांगितला.
जाऊ द्यायचं का पाऊल?
"जाऊ द्यायचं."

दहा वाजून वीस मिनिटं. शब्दाला शब्द लिहून ठेवलं.
दोनला पुन्हा विचारलं, तेच.
चारला म्हणाले, बूट कुठायत, शिफ्ट चुकेल.
तेही लिहिलं.

घरी जाताना गाडी बाजूला घ्यावी लागली.
त्यांचं उत्तर माझ्याच क्रियापदाचं केलेलं.
मी "ठेवायचं का" विचारलं असतं तर?

दुसऱ्या सकाळी उलटं विचारलं.
ते माझ्याकडे बघतच राहिले, ओळख नसल्यासारखे.
मग वाकून पाऊल ठोकलं, कान देऊन ऐकलं.
"ठेवून काय करू. वाजत नाही."

आता रोज विचारतात, पाय कुठंय.
कधी कप फेकतात. एकदा माझ्या मनगटाला चावले.
मी नोंद काढते आणि वाचते, सड, धड दगड, वासा, सगळं.
कालही वाचली.
"कोण म्हणालं हे?"
मी नाव सांगायच्या आत स्वतःच म्हणाले,
"खाणीतला दिसतोय.
बरोबर बोललाय."
आणि साखर कमी पडली म्हणून चहा परत पाठवला.